तिसऱ्या फेरातला पेड

ता. ३ मार्च, मंगळवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर धाडलं नाही. यावर जे काही बोलायचं ते तू मनातल्या मनात बोलून घेतलं असशील, तेव्हा मी थेट बातमीवर येतो.

काल सकाळी, ऐन ऑफिसच्या वेळी, आमच्या चौकावरून एक व्यक्ती दोरावरून चालत गेली. टेलिफोन इमारतीच्या गच्चीपासून समोरच्या घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत पोलादी दोर ताणला होता. लांबी एकसष्ट मीटर, आणि खाली चौदा मजले नुसती हवा. हातात लांब काठी, डोक्यावर कानटोपी, अंगात निळे कपडे. बाई की पुरुष, यावर ऑफिसात अजून दोन तट आहेत. मधोमध पोचल्यावर त्या व्यक्तीने काठी मांडीवर आडवी घेऊन चक्क बैठक मारली, खिशातून फडकं काढून तोंड पुसलं, फडक्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठून पुढे गेली. एकूण एकोणीस मिनिटं लागली. माझा एक डोळा वर आणि एक घड्याळावर होता. सारखं वर पाहायची माझी छाती नाही, ते तुला ठाऊक आहे.

पोलीस मनोऱ्यावर पोचेपर्यंत तिथे फक्त काठी उरली होती. आता यात माझा संबंध कुठे आला म्हणशील. दोराचं टोक टेलिफोन इमारतीतल्या लिफ्टच्या खोलीतल्या तुळईला बांधलेलं होतं, आणि लिफ्ट म्हटली की आमचं खातं. साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर आपटली. त्यांचं म्हणणं, चालणारा हातात येणार नाही, पण असा दोर बांधणारे शहरात कितीसे असणार. बांधणाऱ्याला शोधा, तो पुढचं सांगेल. एकतीस तारखेच्या आत अहवाल द्यायचा आहे. बांधणाऱ्यावर खटला होणार हे नक्की.

आणि ताई, खरं सांगू का, मला खटल्यापेक्षा त्या टोकाचंच कुतूहल वाटतं. दोर वळवून त्याचे सहा पेड सुटे केलेत आणि ते दोराच्याच अंगात असे गुंफलेत की कुठे संपतात ते कळत नाही. मी ते टोक कापून आणलं आहे, आमच्या मागच्या कोठीत आहे. सोबत त्याचं चित्र जोडतो, सगळी मापं घालून. तू खाणीच्या रोपवेचे दोर रोज हाताळतेस. हे असं कोण करतं, कुठे शिकतं, एवढं कळव. मी जन्मात दोराच्या वाटेला गेलो नाही. तो मान बाबांनी आणि तू आपसात वाटून घेतलात.

बाबांना विचारलं, तर ते म्हणाले की त्यांना चित्रातलं दिसत नाही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, तो बरा आहे; डाव्याचं एप्रिलच्या दहा तारखेला ठरलं आहे. इतकी मोठी गोष्ट घडली, पण त्यांना काही विशेष वाटलंसं दिसलं नाही. वारा होता का, एवढं विचारलं, आणि मध्यावर दोर किती लोंबत होता. मी म्हटलं चाळीस सेंटिमीटर. जास्त आहे, असं पुटपुटून झोपायला गेले. वय झालं, दुसरं काय. बाकी तब्येत उत्तम. रोज सकाळी दोन-दोन तास फिरायला जातात. परवा सदऱ्याच्या बाहीला ग्रीस लावून आले. कुठल्याशा फाटकाच्या बिजागरीला तेल दिलं म्हणे.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, पण उत्तर लवकर दिलंस तर तो कागदावरही दिसेल.

तुझा,
मोजपट्टी


ता. ८ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चित्र दोनदा पाहिलं, मग दिव्याखाली धरून तिसऱ्यांदा पाहिलं. लहानपणी तू भाकरीचाही व्यास मोजायचास तेव्हा आम्ही हसायचो. ते हसणं मी आता मागे घेते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. अशा टोकाला आम्ही कडं म्हणतो. दोराला सहा पेड असतात. एकेक पेड दाभणाने फट पाडून दोरात घालायचा. सहाही घालून झाले की एक फेर. असे पाच फेर घातले की कडं दोराइतकंच भक्कम होतं. हल्ली कोणी हे करत नाही, लोखंडी चाप आवळतात आणि घरी जातात. तेव्हा तुझा माणूस जुन्या वळणाचा आहे आणि हट्टी आहे. कुठे शिकला ते मी इथे बसून कसं सांगू? बंदरात शिकला असेल, एखाद्या जहाजावर शिकला असेल. शेवटी जो उलटा अर्धा फेर दिसतो, ती शोभा समज, त्यावर वेळ घालवू नकोस.

एक काम मात्र कर. तिसरा फेर पुन्हा मोज. तुझ्या चित्रात तिथे दोन पेड एकाच फटीतून बाहेर आलेत आणि शेजारची फट रिकामी आहे. घाईत तुझी पेन्सिल घसरली असेल. दात कोरायची काडी घे, प्रत्येक फटीत घालून बघ, आणि मला आकडा कळव. माझं नुसतं कुतूहल आहे.

सोबत बाबांसाठी बंद पाकीट आहे. ते उघडायचं नाही, उजेडासमोर धरायचं नाही आणि वजनही करायचं नाही. वहिनीला सांग, पाठवलेली लोकर पोचली, रंग छान आहे.

तुझं चांगलं चाललं आहे हे वाचून आनंद झाला. तो तसाच टिकव आणि जिने उतरताना खाली बघ.

तुझी,
ताई


(त्याच पाकिटात)

ता. ८ मार्च

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

अक्षर मोठं काढते आहे, म्हणजे भिंग लागणार नाही. मोजपट्टीने मला एक चित्र पाठवलं. पाच फेर आणि वर उलटा अर्धा. बाबा, तो अर्धा फेर या जगात दोनच माणसं घालतात, आणि त्यातली एक त्या दिवशी इथे खाणीवर होती.

त्याला काही कळलेलं नाही. तो बंदरं आणि खाणी धुंडाळायच्या बेतात आहे आणि तुम्ही त्याच्याच घरात चहा पिताय. काखेत कळसा नि गावाला वळसा, याहून वेगळं काय असतं? मी त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं तर त्याला एकतर बापाचं नाव लिहावं लागेल, नाहीतर खोटं लिहावं लागेल, आणि त्याला दोन्ही जमणार नाही.

का केलंत ते मी विचारत नाही, कारण मला ते थोडं कळतं. पण कसं केलंत ते कळवा. चालणारं माणूस कोण? एकसष्ट मीटर रस्त्यावरून पहिला धागा पलीकडे गेलाच कसा? तीन दिवस झाले, खाणीच्या पाळीवर असताना माझ्या डोक्यात तेवढंच फिरतं आहे.

आणि अजून एक. चित्रात मला काहीतरी खटकलं आहे. मोजपट्टीचं उत्तर आल्याशिवाय ते लिहीत नाही. तोवर दुसरा दोर बांधायला घेतला असलात तर थांबा. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, खाणीवरची दोरवाली म्हणून सांगते आहे.

डोळ्यात थेंब वेळेवर घालता ना? मला तुमची काळजी वाटते आणि रागही येतो. दोन्ही सोबत पाठवली आहेत.

तुमची,
ताई


ता. १२ मार्च

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ओळखलंस. बरं वाटलं. मला वाटलं होतं तू चित्र पाहून चार दिवस घेशील.

मोजपट्टीच्या न्हाणीघराच्या खिडकीबाहेर जानेवारीत एक बाई लटकत होती. इमारतीच्या खिडक्या पुसते. तिने कमरेचा दोर ज्या तऱ्हेने बांधला होता ते पाहून मला राहवेना. काचेवर टकटक करून तिला आत घेतलं, दोर सोडायला लावला आणि पुन्हा बांधून दाखवला. तिने मला दोन शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. धोबीखान्यामागच्या अंगणात दोन खांबांमध्ये तार बांधून ती नऊ वर्षांपासून चालते आहे. आधी गुडघ्याएवढ्या उंचीवर, मग डोक्याएवढ्या. मी पाहिलं. तारेवर ती जशी चालते तसं मला फरशीवर चालता येत नाही. रोज टेलिफोन इमारतीच्या चौदाव्या मजल्यावरून समोरचा मनोरा पाहायची आणि तिथवर किती पावलं होतील ते मनात मोजायची. मला म्हणाली, दोर नीट बांधणारं कोणी भेटलं नाही, नाहीतर कधीच गेले असते. आता सांग, चाळीस वर्षं ज्याने दगडाचे पाळणे वर-खाली केले त्याने यावर काय म्हणायचं होतं? फिरायला जातो म्हणून बागेत बाकावर बसायचं आणि कबुतरं बघायची?

पहिला धागा कसा गेला, ते ऐक. सगळं शहर म्हणतंय बाण मारला, पतंग उडवला. काही नाही. रविवारी सकाळी दोन्ही गच्च्यांवरून एकेक बारीक दोरी खाली सोडली. खिडकीवाले रोजच सोडतात, कोण बघतो. खाली रस्त्याच्या मधोमध दोन्हींची गाठ मारली आणि वरून ओढून घेतली. तेवढी तीन मिनिटं मी रस्त्यात उभा राहून लाल फडक्याने गाड्या थांबवल्या. समोर पाटी ठेवली होती, काम चालू आहे. पाटी मोजपट्टीच्या दारामागची, त्याच्या खात्याची. एका बसवाल्याने मला सलामही केला. बारीक दोरीने जाड दोरी ओढली, तिने पोलादी दोर. मनोऱ्याकडे तिने चाप लावले, लिफ्टकडचं कडं मी केलं. रविवारभर दोर चौकावर ताणलेला होता आणि एकाही माणसाने मान वर केली नाही. मला याचंच सगळ्यात नवल वाटलं.

दुसरा दोर तीस तारखेचा आहे, सोमवार. टेलिफोन इमारतीपासून बँकेपर्यंत, दुप्पट लांब. त्याचं एक कडं झालं सुद्धा. थांबा म्हणतेस, का ते सांगत नाहीस. खटकलं म्हणजे काय खटकलं? माझी बोटं डोळ्यांपेक्षा चांगलं बघतात. तू शिकत होतीस तेव्हापासून बघतात.

जावयांना आशीर्वाद. पत्र जाळ. जाळणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहितो.

बाबा


ता. १४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोजलं. काडीने मोजलं, मग टाचणीने, मग कोठीतला दिवा बदलून पुन्हा. पाच फेरांच्या तीस आणि उलट्या अर्ध्याच्या तीन, अशा तेहतीस फटी भरलेल्या हव्यात. बत्तीसच भरल्यात. पेन्सिल घसरली नव्हती. तिसऱ्या फेरात एक फट रिकामी आहे आणि शेजारच्या फटीत दोन पेड दाटीवाटीने बसलेत. शिवाय भिंगातून पाहिल्यावर कळलं की तिथला पेड चार मिलिमीटर सरकला आहे. सरकला तेवढा भाग लखलखीत आहे, बाकी सगळा काळपट. म्हणजे ती व्यक्ती दोरावर असतानाच तो निसटायला लागला होता. असा दोर पुन्हा वापरला तर काय होईल, असं आमच्या मिस्त्रीला विचारलं. त्याने नुसता तळहात उलटा केला.

तेव्हापासून मला रात्रीचं जेवण धड जात नाही. ज्याने बांधलं त्याला हे माहीत असेल का? इतकं सुंदर काम करणारा माणूस आणि मधेच एक चूक. मला तो गुन्हेगार वाटेनासाच झाला आहे. त्याच्यासमोर बसावं आणि विचारावं, बाबा रे, त्या घडीला तुझं लक्ष कुठे गेलं होतं?

साहेब मात्र घाईला आलेत. सगळ्या खाणींना आणि बंदरांना पत्रं गेली आहेत की हाताने दोर गुंफणाऱ्यांची नावं कळवा. तुमच्या व्यवस्थापकालाही येईल. तू घाबरू नकोस, तू त्या दिवशी कामावर होतीस हे हजेरीत असेलच.

घरी सगळं ठीक. दारामागची माझी पाटी कुणीतरी नेली. बाबा हल्ली फार खुशीत असतात, अंघोळीला बसले की गातात. तुझी वहिनी म्हणते त्यांचं वय दहा वर्षांनी कमी झालं आहे. त्यांना हे कड्याचं सांगणार होतो, पण म्हटलं कशाला त्यांना जुन्या कामाची आठवण करून द्या.

उत्तराची वाट पाहतो. नेहमीसारखी माया असू दे, थोडी जास्त दिलीस तर या महिन्यात खपेल.

तुझा,
मोजपट्टी


ता. १८ मार्च

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. पाचव्यांदा सरळ लिहिते.

तुमच्या कड्यात तिसऱ्या फेराला एक पेड चुकला आहे. दोन पेड एका फटीत गेलेत. मोजपट्टीने तीनदा मोजलं, आणि त्याचं मोजमाप कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. शेजारचा पेड सव्वा सूत, म्हणजे त्याच्या मापाने चार मिलिमीटर, सरकला आहे. ती बाई दोरावर बसून तोंड पुसत होती तेव्हा तो सरकत होता.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. बोटं बघतात. बाबा, बोटं बघतात हे खरं, मीही काळोखात गुंफते. पण फट पाडल्यावर पेड कुठल्या बाजूने बाहेर आला हे शेवटी डोळ्यानेच ताडावं लागतं, आणि तुमच्या डाव्या डोळ्यापुढे अजून पडदा आहे. ज्या बाजूने तुम्ही बसता त्याच बाजूची फट चुकली आहे. मी तुमच्याशेजारी अकरा वर्षं बसले, म्हणून मला कळतं.

एकोणिसाव्या वर्षी मी एक पेड कमी घातला होता आणि गप्प बसले होते, ते आठवतं? तुम्ही ओरडला नाहीत. नवं कडं झालं की बांधणाऱ्याने पहिल्या पाळण्यात बसून दरी ओलांडायची, हा तुमचाच नियम. तुम्ही मला पाळण्यात बसायला सांगितलंत. मी बसले नाही आणि रडत खरं सांगितलं. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता. आज तुम्हाला तेच करायला लावते आहे आणि माझा मलाच राग येतो आहे. तुमच्या दोरावरची पहिली फेरी तिने मारली, तुम्ही नाही.

तुम्ही इतके खुशीत आहात हे वाचून मला रडू आलं. आई गेल्यापासून तुम्ही गायला नव्हता. ते गाणं माझ्या पत्राने बंद होणार असेल तर मला त्याचं वाईट वाटेल, जन्मभर वाटेल. तरी ते दुसरं कडं वापरू देऊ नका. तिला सांगा. तुम्हीच सांगा, मी सांगितलेलं तिला पटणार नाही आणि तुमच्या तोंडून आलेलं तिला टाळता येणार नाही.

मी इथून काही करू शकत नाही. तुम्ही माझं ऐकाल, एवढाच आधार धरून हे पाकीट बंद करते.

तुमची,
ताई


ता. २३ मार्च

चि. ताईस,
आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर चिडलो. दुसऱ्या दिवशी मोजपट्टीवर चिडलो, की याला काड्या घालायला कोणी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी धोबीखान्यात जाऊन दुसऱ्या दोराचं कडं मांडीवर घेतलं आणि बोटाने मोजलं. तेहतीस भरले. मग तिला डोळ्याने मोजायला सांगितलं. बत्तीस. तिसराच फेर, तीच बाजू.

मी तिला सगळं सांगितलं. तिने कडं खाली ठेवलं. मग म्हणाली की तिला माहीत होतं. पहिल्या दिवशी चौथ्या पावलाला दोराने अंग झटकलं, आणि झटका लिफ्टच्या बाजूने आला हे तिच्या तळपायाला कळलं. म्हणूनच ती मधे बसली होती. तोंड वगैरे काही पुसायचं नव्हतं, दोर आणखी सरकतो का ते बघत होती. मी विचारलं, मग तीन आठवडे का बोलली नाहीस? म्हणाली, तुम्ही खाली उभे राहून इतके हसत होता.

मी तिला फार बोललो. दोराची खोड कुणाच्याही सुखासाठी झाकायची नसते. ती रडली नाही, मी रडलो. तुला लपवून काय करू.

कडं करवतीने कापलं. तीस तारखेचं रद्द. मी आता बांधणार नाही असं तिला सांगून टाकलं. ती थांबायला तयार आहे. कशासाठी थांबतेस विचारलं तर उलट माझ्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख विचारते.

एक गोष्ट राहिली. तुमच्या व्यवस्थापकाला पत्र आलं असेल. त्यात तुझं नाव जाईल आणि माझ्या चुकीसाठी तुला चार माणसं प्रश्न विचारतील. ते मला चालायचं नाही. गुरुवारी धुतलेला सदरा आहे, तो घालून मोजपट्टीच्या साहेबांकडे जातो.

बाबा


ता. २७ मार्च, शुक्रवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला पहिल्याच चित्रात कळलं होतं, हे मला काल बाबांकडून समजलं. तुझ्याशी भांडण आहे, पण ते भेटीत. काल जे झालं ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

काल सकाळी अकरा वाजता शिपाई सांगत आला, तुमचे वडील साहेबांच्या खोलीत बसलेत. मी धावत गेलो. बाबा कडक इस्त्रीच्या सदऱ्यात खुर्चीच्या टोकावर बसले होते, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली काहीतरी वस्तू. साहेब हसत होते. बाबांनी त्यांना सांगितलं होतं की चौकातला दोर मीच बांधला, त्यात एक पेड चुकला आहे, आणि अहवालात दोन्ही लिहा. साहेबांनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले की या वयात माणूस ऐकलेलं आणि केलेलं यात गोंधळतो, घरी न्या, वाटल्यास ऑफिसची गाडी न्या.

ताई, बाबांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. पकडले गेले असते तरी इतके खचले नसते.

मी त्यांना गाडीकडे न नेता कोठीत नेलं. का नेलं ते सांगता येत नाही. कडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि बोट फिरवत फिरवत तिसऱ्या फेराशी थांबले, नेमकं त्या रिकाम्या फटीवर. ही, म्हणाले. ती फट मी तुझ्याशिवाय आणि मिस्त्रीशिवाय कुणालाही सांगितली नव्हती. अहवाल तर कुलुपात होता. मग मला बाहीचं ग्रीस कळलं, माझी पाटी कळली, चाळीस सेंटिमीटर जास्त का वाटले तेही कळलं. एवढे दिवस मी मापं घेतली आणि घरातलं माणूस पाहिलं नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी बराच वेळ कोठीतल्या स्टुलावर बसून राहिलो. बाबाच म्हणाले, चल, साहेब थांबलेत.

मी साहेबांना सांगितलं की हेच ते. माझे वडील आहेत म्हणून सांगत नाही, मी मोजलं आहे म्हणून सांगतो. साहेबांना अजून पटेना. शेवटी त्यांनी लिफ्टच्या जुन्या दोराचा दोन मीटरचा तुकडा मागवला आणि म्हणाले, करून दाखवा.

आता पुढचं काय झालं ते आधी सांगून टाकतो. जबाब झाला, सही झाली. चालणारं कोण, हे त्यांना सात वेळा विचारलं आणि सातही वेळा त्यांनी कानावर हात ठेवले. मी फक्त बांधतो, म्हणाले. एकवीस मेला कोर्टात जायचं आहे. वकील म्हणतो वय आणि कबुली पाहून समज देऊन सोडतील, पण खात्री देत नाही. माझ्याकडून फाइल काढून घेतली, ते योग्यच झालं. तुमच्या व्यवस्थापकाला पत्र गेलं आहे की नावं पाठवण्याची गरज नाही.

बाकीचं मुद्दाम शेवटी ठेवलं. बाबा साहेबांच्या खोलीत जमिनीवर बसले. वर्तमानपत्रातून दाभण आणि लाकडी हातोडी काढली. अर्ध्या तासात सगळं खातं दारात गोळा झालं. टंकलेखक बाई स्टूल घेऊन आल्या, मिस्त्री तर पुढे सरकत सरकत बाबांच्या गुडघ्याला टेकला. बाहेर झोपाळ्यावरची खिडक्या पुसणारी बाई एकच काच तासभर पुसत होती, कपाळ काचेला लावून. तिलाही नवल वाटलं असणार. पहिला फेर झाला, दुसरा झाला.

तिसऱ्या फेरात त्यांचा हात थांबला. त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं पाणी हवं असेल. मी वाकलो तर सगळ्या ऑफिससमोर, नेहमीच्या आवाजात म्हणाले की या बाजूचं मला दिसत नाही, कुठली फट रिकामी आहे ते तू बघून सांग. ताई, लहानपणी तुम्ही दोघं अंगणात दोर घेऊन बसायचा आणि मी पायरीवरून बघायचो. त्यांनी मला कधी जवळ ये म्हटलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. काल मी गुडघे टेकून त्यांच्या डावीकडे बसलो, फटीवर बोट ठेवलं, आणि त्यांनी माझ्या बोटाच्या कडेने पेड आत घातला. पुढचे सगळे फेर आम्ही तसेच केले. ते दाभण लावायचे, मी बोट ठेवायचो.

झाल्यावर साहेब मला म्हणाले, मोजा. मी मोजलं. तेहतीस भरले. साहेबांना सांगण्याआधी पहिल्या फेरापासून पुन्हा एकदा मोजलं, आणि मग सांगितलं.

लोभ होता तेवढा पुरेल असं वाटत नाही, तेव्हा तू स्वतःच ये.

तुझा,
मोजपट्टी